पिकअपचा गेअरबॉक्स तापतो? खान्देशातल्या गाडीवाल्यांनो, अनुभव लिहा

एप्रिल-मे लागला की भुसावळ-रावेर पट्ट्यात पारा ४५ वर जातो आणि पिकअपवाल्यांची एकच तक्रार कानावर येते, "भाऊ, डबा तापतोय." डबा म्हणजे गेअरबॉक्स. गाडी रस्त्याच्या कडेला, माल उन्हात, आणि मिस्तरी आला की थेट गेअरबॉक्स खोलायची भाषा. खोलल्यावर पैसे तर जातातच, पण कितीदा तरी उष्णता तिथली नसतेच. तोवर केळीचे घड हौद्यात शिजतात आणि शेतकऱ्याचा भाव पडतो. याची मला फार कळकळ आहे, म्हणून हा धागा. काय लक्षण दिसलं, आधी काय तपासलं, शेवटी काय निघालं ते लिहा. वास, आवाज, तेलाचा रंग, आठवेल ते सगळं.

माझ्यापासून सुरू करतो. सावद्याहून केळी भरून निघालं की गेअरचा दांडा हाताला चटका द्यायचा, पायाखालचा पत्राही तापायचा. तापमान मोजायची गन लावली तर डब्याचं अंग ठीक होतं. सायलेन्सरच्या पाइपवरचा उष्णता अडवणारा पत्रा गळून पडला होता, त्या पाइपाची धग वर येत होती. पत्रा बसवला, त्रास संपला. डब्याला पान्हासुद्धा लागला नाही.

चाळीसगाव, भाजीपाला वाहतूक

आमचा रोजचा औट्रम घाट, म्हणजे कन्नडचा. चढाला करपट वास यायचा आणि गाडी ओढायची नाही. गॅरेजवाला म्हणाला, डबा उतरवू. वडिलांनी थांबवलं आणि मला चौथ्या गेअरवर सावकाश चालवत एकदम अॅक्सिलेटर दाबायला सांगितलं. इंजिनाचा आवाज चढला, वेग होता तिथेच. क्लच घसरत होता! घाटात पुढे ट्रक अडला की हाफ क्लचवर गाडी धरून ठेवायची सवय चालकाला होती, त्यात प्लेट जळाली. डब्याचा इंजिनाकडचा भाग भाजत होता, मागचा नेहमीसारखा. हा फरक हाताला कळतो, पण हात थेट लावू नका, जवळ नेला तरी पुरे.

धुळे, गॅरेज

चाळीसगावच्या भाऊंच्या वडिलांना नमस्कार. माझे उस्ताद अहिराणीत सांगायचे, "पहिले बोट घालीसन देख, मंग खोल."

गाडी सपाट जागेवर उभी करा, थोडी निवू द्या, डब्याच्या बाजूचा फिलर नट, म्हणजे तेल भरायच्या भोकाचा नट, काढा. तेल भोकाच्या खालच्या कडेला बोटाला लागलं पाहिजे. साध्या गेअरच्या बहुतेक पिकअपना तेल बघायची काडी नसते, त्यामुळे वर्षानुवर्षं कोणी बघतच नाही. तेल कमी असेल तर गळती शोधा. तेल बरोबर असूनही सीलमधून पाझरत असेल तर वरचा ब्रीदर, म्हणजे डब्यातली हवा आत-बाहेर जायचं छोटं तोंड, बघा. आपल्याकडच्या धुळीने तो बुजतो, आत हवा तापून फुगते आणि सीलमधून तेल ढकलते. अशा गाडीला नुसतं सील बदललं तर ते पुन्हा गळणारच.

मग ड्रेन नट, म्हणजे खालचा तेल सोडायचा नट. त्याच्या चुंबकावर करडा मऊ लेप असतो, तो झिजेचा, त्याला घाबरू नका. बोटाला टोचणारे लोखंडाचे तुकडे निघाले तर दात किंवा बेअरिंग गेलं. पितळी चमक तेलात दिसते, चुंबकाला चिकटत नाही. ती सिंक्रोच्या रिंगची, म्हणजे गेअर बदलताना वेग जुळवणाऱ्या पितळी कड्याची. इथे एक गोष्ट मनापासून सांगतो. पुष्कळ गाड्यांच्या डब्याला जीएल-४ दर्जाचं गेअर ऑइल लागतं आणि मागच्या हाऊसिंगला (मागच्या चाकांमधल्या डिफरन्शियलला) जीएल-५. दुकानदार एकच कॅन देतो. जीएल-५ मधली जादा रसायनं तापल्यावर पितळ खाऊ शकतात. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच तेल भरा.

आवाजाचं असं, की गाडी न्यूट्रलला घरघरते आणि क्लच दाबल्यावर गप्प होते, तर इनपुट शाफ्टचं (इंजिनाकडून डब्यात येणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग बघा. चौथा गेअर थेट असतो अशा डब्यात बाकी गेअरना आवाज आणि चौथ्याला शांत, तर खालच्या शाफ्टवर संशय घ्या. एवढं झाल्यावरच खोला.

धडगाव

पावसाळ्यातली गोष्ट. चांदसैली घाट उतरून गाडी तापलेली, तशीच नाल्याच्या पाण्यात घातली गेली. नंतर काही दिवस डबा जास्त तापू लागला, गेअर अडकू लागले. नट काढला तर तेल दुधाळ चहाच्या रंगाचं. तापलेला डबा पाण्यात एकदम गार होतो, आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून पाणी ओढून घेते. तेल बदललं, थोडं चालवून परत बदललं. ब्रीदरला रबरी नळी जोडून ती वर इंजिनाच्या खोलीत नेऊन बांधली. आमच्या भागातल्या प्रत्येक गाडीने हे करून घ्यावं.

चोपडा, ऑटोमॅटिक पिकअप

आमची ऑटोमॅटिक आहे, मागे ट्रॉली लावतो. कापसाच्या हंगामात जिनिंगवर फेऱ्या असतात. बिजासनच्या चढाला डॅशबोर्डवर ट्रान्समिशन तापल्याचा दिवा लागला. लगेच बाजूला घेऊन न्यूट्रलला इंजिन चालू ठेवलं, कारण तेल कूलरमधून फिरत राहिलं तरच निवतं. उतरल्यावर पुढची जाळी काढली, तर कूलरच्या पात्यांत सरकी-कापसाचं तूस गोधडीसारखं बसलेलं! मऊ ब्रश आणि हलक्या पाण्याने आतून बाहेर धुतलं. आता ओबीडीला (गाडीच्या कॉम्प्युटरची माहिती वाचायच्या सॉकेटला) जोडलेल्या मोबाइलवर तेलाचं तापमान बघतो. ८० ते ९५ ला गाडी खूश असते. १२० च्या पुढे गेलं तर माल उतरवा, पण रेटू नका. तेल लालसर राहिलं पाहिजे. तपकिरी आणि जळका वास आला तर बदला. गुलाबी दुधाळ झालं तर रेडिएटरमधला कूलर फुटून पाणी मिसळलंय, गाडी चालवूच नका.

रावेर

आमचं मागच्या एका चाकाचं ब्रेक लायनर चिकटलं होतं. गाडी जड ओढते म्हणून सगळे डब्याकडे बघत होते. चारही चाकांच्या ब्रेकना तापमानाची गन लावा, एक वेगळाच निघेल.

नंदुरबार, मिरची वाहतूक

गाडी यांच्या हातात, हिशोब माझ्याकडे. वहीत गेअर ऑइलचा खर्च सारखा दिसू लागला म्हणून मी विचारलं. डब्याचं मागचं सील बदलून झालंय, तरी मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टच्या तोंडाशी तेल ओलं दिसतं आणि कोंडाईबारी घाट चढताना डबा तापतो. धुळ्याच्या दादांनी ब्रीदरचं लिहिलंय, तो मोकळा आहे. आणखी काय बघावं?

धुळे, गॅरेज

ताई, शाफ्ट काढून त्याचं सीलमध्ये बसणारं तोंड नखाने तपासा. घासून खाच पडली असेल तर कितीही नवं सील टाकलं तरी तेल गळणारच. तोंड बदलावं लागेल. सोबत शाफ्टचे क्रॉस (सांध्यातले जोड) हलवून बघा, ढिले असले तर थरथर सीलपर्यंत जाते. आणि तोवर घाटात जायच्या आधी दर वेळी तेल बोटाने बघायला सांगा. वहीवरून ओळखलंत, ते फार बरं झालं.