खासदारांना नेमके काय विचारावे?

पार्किन्सनवरील (कंपवातावरील) संशोधनाला निधी मिळावा म्हणून कोल्हापुरातून निवेदन द्यावे का, या चर्चेत एक मत असे आले आहे की संशोधनाचा निधी ठरवणे हे तज्ज्ञांचे काम असून या आजाराच्या रुग्णांनी लोकप्रतिनिधींकडे खेटे घालण्यात अर्थ नाही. अमेरिकेतील अनुभव याच्या उलट आहे. तेथील संसदेचे (तिला ‘काँग्रेस’ म्हणतात) माजी सदस्य मॉरिस उडाल यांना स्वतःलाच हा आजार होता आणि त्यांच्या नावाचा संशोधन कायदा १९९७ मध्ये संमत झाला, त्यामागे रुग्णांचा व नातेवाइकांचा चिकाटीचा पाठपुरावा होता. अभिनेते मायकेल जे. फॉक्स यांनी १९९९ मध्ये सिनेटच्या (तेथील संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या) उपसमितीपुढे साक्ष देताना मुद्दाम औषध घेतले नव्हते, जेणेकरून आजाराचे खरे रूप सदस्यांना दिसावे. (अर्थात, कोणाही रुग्णाकडून अशी अपेक्षा करू नये.)

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सनचा समावेश आहे; पण त्याने प्रमाणपत्र मिळते, संशोधन होत नाही. तो निधी मुख्यतः केंद्र सरकारकडून, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेसारख्या संस्थांमार्फत येतो. म्हणून कोल्हापुरातून निवेदन द्यायचे तर ते महापालिकेऐवजी खासदारांना द्यावे आणि ‘निधी वाढवा’ एवढेच न लिहिता लोकसभेत मांडता येईल असा प्रश्न सोबत जोडावा: गेल्या पाच वर्षांत परिषदेने पार्किन्सनच्या किती प्रकल्पांना किती रक्कम मंजूर केली, आणि त्यातली प्रत्यक्ष किती दिली? भेटीची वेळ मात्र लेव्होडोपा या पार्किन्सनवरील औषधाचा अंमल असेल तेव्हाचीच मागावी, कारण लोकप्रतिनिधींच्या कार्यालयात ताटकळावे लागते आणि तोवर औषध ओसरले तर बोलणेच अवघड होते.