Re: Re: साउथ डाउन्स वॉक – डब्यातली रोख (शुक्रवारच्या आत सांगा!!)

मिलिंद:
कराडला व्हीलचेअर देण्यासाठी आपण इंग्लंडच्या साउथ डाउन्स टेकड्यांवरून चालून देणग्या गोळा करतोय, त्यासाठी पाडव्याला फिरवलेल्या डब्यातली रोख आणि नंदूकाकांचा स्पॉन्सर कागद (कोणी किती दिले त्याची यादी) माझ्याकडे पोचलाय. काका म्हणतात, "मी सगळे माझ्या कार्डावरून ऑनलाइन देणगीच्या पेजवर टाकतो आणि गिफ्ट एडला (देणाऱ्याने भरलेला टॅक्स इथलं सरकार संस्थेला देतं, ती योजना) टिक करतो, म्हणजे पौंडामागे २५ पेन्स वर मिळतील." चालत नाही हो तसं. ज्याचे पैसे त्याचंच डिक्लेरेशन लागतं, पूर्ण नाव, घरचा पत्ता, पोस्टकोड, आणि माणूस इथे ब्रिटनमध्ये टॅक्स भरणारा हवा. कागदावर नुसतं "रेडिंगची मंडळी – २०" लिहिलंय, याचं मी काय करू?

नंदूकाका:
डबा मी फिरवला, दारोदार मी गेलो. तेव्हा खजिनदार कुठे होते? पत्ते विचारत बसलो असतो तर एक पेनी निघाली नसती.

शुभदा:
काका, चिडू नका. मिलिंद, डब्यातल्या रोखीसाठी स्मॉल डोनेशन्सची वेगळी स्कीम आहे ना, ३० पौंडांपर्यंतच्या देणगीला डिक्लेरेशन लागत नाही. पण त्याच वर्षी नेहमीचं गिफ्ट एडही क्लेम केलेलं हवं, आणि या स्कीममध्ये गिफ्ट एडवाल्या देणग्यांच्या दहापटीपर्यंतचीच रोख धरता येते. म्हणून ऑनलाइनवाल्यांनी टिक विसरू नका. कंपनीच्या मॅचिंगवर (कर्मचाऱ्याने दिले तेवढेच कंपनी देते, त्यावर) गिफ्ट एड नाही, ते धरू नका हिशेबात.

प्रसाद:
ते सोडा, एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा भारतातला कायदा, कुणी बघितलाय का? २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशातला पैसा आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मेन ब्रँचमधल्या खात्यातच जातो आणि घेणारी संस्था तो पुढे दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही. म्हणजे "पुण्याच्या संस्थेला देऊ, ते कराडला पाठवतील" हा मीटिंगमधला प्लॅन बाद. कराडवाल्यांचं स्वतःचं एफसीआरए रजिस्ट्रेशन हवं.

अंजली:
कराडचा विषय निघालाच आहे तर, माझा मावसभाऊ तिथेच असतो, मणक्याला मार लागल्यापासून खुर्चीवर. शिबिरात मिळालेली घडीची खुर्ची म्हणजे हॉस्पिटलात पेशंट ढकलतात ना तीच, सगळ्यांना १८ इंची सीट. हा सडपातळ, एका अंगाला कलून बसायचा, उशी नाही, शेवटी बैठकीला जखम झाली आणि कित्येक महिने पालथा पडून होता. फोटोत पन्नास खुर्च्या ओळीत छान दिसतात, मला दहाच द्या पण माप घेऊन आणि प्रेशरची उशी (बैठकीवरचा दाब कमी करणारी) धरून द्या. गावात लांब जायचं तर हाताने चालवायची तीनचाकी बरी, पण ती घरात शिरत नाही.

प्रसाद:
उशीचं पटलं. पण पेजवर "५० व्हीलचेअर" लिहून झालंय, आता देणाऱ्यांना काय सांगायचं?

शुभदा:
मजकूर आजच बदला, "माप घेऊन खुर्च्या आणि उशा" असं लिहा आणि आकडा काढा. ज्यांनी आधीच दिलेत त्यांना मेल मी करते.

नंदूकाका:
बरं. रेडिंगच्या लोकांना फोन करून पत्ते मीच आणतो, खजिनदारांनी करू नये, ते माझे लोक आहेत. दुसरं, विंचेस्टरहून निघालेले अँबरलीला मुक्काम करणार, तिथे स्टेशन आहे म्हणून नवे लोक सकाळी तिथेच येऊन मिळतील, पण बॅगा न्यायला गाडी कोणाची? शंभर मैलांची वाट आहे, आणि गाडीबद्दल अजून कोणीच बोललेलं नाही. आणि जेवण स्टेशनाजवळ नको, मागच्या वेळी पुरणपोळी खाऊन सगळे रॅकम हिलच्या चढावर बसले होते.

मिलिंद:
गाडी माझी. पत्ते गुरुवारपर्यंत.