आधी वेळेचा शब्द पाहा
इंग्रजीतला चालू भविष्यकाळ ('विल बी रायटिंग') आणि पूर्ण भविष्यकाळ ('विल हॅव रिटन') या दोन्ही काळांची रूपं नीट शिकली, तरी कुठला कधी वापरायचा हा मूळ प्रश्न राहतोच. माझ्या मते आधी वेळेचा शब्द पाहावा. 'अ‍ॅट एट आय विल बी रायटिंग' म्हणजे आठ वाजता लिहिणं चालू असेल. 'बाय एट आय विल हॅव रिटन इट' म्हणजे आठपर्यंत लिहून झालेलं असेल. 'बाय द टाइम'नंतर मात्र 'विल' नको, 'बाय द टाइम यू कम' एवढंच. ही चूक फार दिसते.

एक सुंदर उपयोग सहसा शिकवतच नाहीत: 'विल यू बी कमिंग टुमॉरो?' यात आग्रह नसतो, फक्त समोरच्याचा बेत विचारलेला असतो. 'विल यू कम?'मध्ये विनंती डोकावते. आणि 'दे विल हॅव अराइव्ह्ड बाय नाउ' हे तर भविष्य नाहीच, तो आत्ताचा अंदाज आहे.