बंद घरात तिजोरी: खरंच उपयोग आहे का?

सागरवेळ: घर वेंगुर्ल्यात, आम्ही मुंबईत. चतुर्थी आणि मे महिना सोडला तर दाराला कुलूप. यंदा नंबर दाबून उघडायची १२ किलोची तिजोरी घेतली. आईच्या पाटल्या, सातबारा, खरेदीखत सगळं त्यात. लाकडी कपाटापेक्षा हे शंभर पटीने बरं, असं माझं ठाम मत.

चिरेबंदी: अजिबात पटलं नाही. १२ किलो म्हणजे तांदळाची अर्धी गोण सुद्धा नाही. चोर ती तिथे फोडत बसणार नाही, कौलं काढून उतरेल आणि उचलून नेईल. भिंतीला बोल्ट मारलेत म्हणाल, तर भिंत जांभ्याची ना? पहारीचे दोन हिसके, चिऱ्याचा भुगा, बोल्ट बाहेर. खाली काँक्रीट ओतून त्यात अँकर बोल्ट घाला, मग बोलू.

सागरवेळ: काँक्रीटचं मान्य, घालून घेतो. पण भुरट्या चोराकडे वेळ कुठे असतो? दहा मिनिटं अडला तरी पुष्कळ.

मालवणी माणूस: दहा मिनिटं कसली? बंद घरात त्याला अख्खी रात्र मिळते! आणि आपल्या खाऱ्या हवेचं काय? चार महिन्यांनी घर उघडलं, तर आमच्या तिजोरीची बटणं मेलेली. सेल पाझरून पत्र्यांवर पांढरट-हिरवी पूड. बटणं बंद पडली तर लावायची जादा किल्ली मुंबईला. दुसऱ्या खेपेला उघडली तेव्हा कागद एकमेकांना चिकटलेले.

वाशिष्ठीकाठ: आम्ही चिपळूणचे. २२ जुलै २०२१ च्या पुरात तिजोरी जागची हलली नाही, आतल्या दस्तांचा मात्र लगदा झाला. आगीला टिकणारी तिजोरी पाण्याला टिकतेच असं नाही. सोनं बँकेच्या लॉकरमध्येच ठेवा.

सागरवेळ: लॉकरचंही ऐका. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांत चोरी, आग किंवा कर्मचाऱ्याच्या अफरातफरीत बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या शंभर पट. भाडं २,००० असेल तर २ लाख. त्यात आईच्या पाटल्या येतील? आणि पुरासारख्या आपत्तीला बँक जबाबदार नाही.

वाशिष्ठीकाठ: भरपाई वेगळी, राखण वेगळी. तिथे निदान पहारा असतो, तुमच्या माजघरात कोण आहे?

चिरेबंदी: मुळात सातबाऱ्याला तिजोरी कशाला? डिजिटल सहीचा ऑनलाइन निघतो. खरेदीखताची नक्कल दुय्यम निबंधकांकडे मिळते. पाटल्यांची नक्कल कुठेच मिळत नाही. त्या तेवढ्या मुंबईला न्या, चतुर्थीच्या आत.