मदत हवी आहे: लागवडीशेजारच्या पीट दलदलीत पाणीपातळी मोजायचे नळ कुठे लावू?

स्कॉटलंडच्या उत्तरेला, फ्लो कंट्री या विस्तीर्ण दलदलींच्या प्रदेशातल्या एका पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा ओला थर) दलदलीवर काम करतोय. तिला लागूनच १९८०च्या दशकातली, करसवलतीच्या जोरावर झालेली सिटका स्प्रूस आणि लॉजपोल पाइन या सूचिपर्णी झाडांची लागवड आहे. (सवलत १९८८मध्ये गेली, झाडं आणि लागवडीत पाणी काढायला खणलेले चर राहिले.) दलदलीत कुणी चर खणलेले नाहीत. तरी कडेचं स्फॅग्नम शेवाळ विरळ होऊन हेदरची झुडपं माजलीत, वाऱ्याने आलेल्या बियांची रोपंही उगवतायत. एकदा उपटली, परत आली.

छिद्रं पाडलेले सहा नळ लागवडीच्या काठापासून दलदलीत ५० मीटरपर्यंत एका रांगेत लावलेत. काठाकडे पाणी खोल जातं हे दिसतं; पण ते चरांमुळे, की झाडं पाणी शोषतात आणि पाऊस फांद्यांवरच अडवतात म्हणून, हे कळत नाही. शिवाय पीट आक्रसून जमीनच खचते, त्यामुळे पृष्ठभागापासून मोजलेल्या आकड्यांवर माझा फारसा भरवसा नाही.

लागवड दुसऱ्याच्या मालकीची, चर बुजवता येणार नाहीत. आत नोंदी घ्यायला मात्र परवानगी आहे. स्वयंचलित नोंदयंत्रं दोनच परवडतील.

चरांचा आणि झाडांचा परिणाम वेगळा काढायचा तर नळ कुठे लावावेत, आणि रांग काठापासून किती लांब न्यावी?