मदत हवी आहे: आखूड केसांच्या कुत्र्यासाठी ब्रश कोणता?

आमची बीगल तीन वर्षांची आहे. आणली तेव्हा मीच सगळ्यांना सांगत होते, आखूड केस आहेत, फार गळणार नाहीत. आता माझंच हसं होतंय! लांब केस निदान गोळा होऊन उचलता तरी येतात. हे सुईसारखे ताठ केस सोफ्याच्या कापडात उभे रुततात. काळी पँट तर घालणंच सोडलंय.

आधी स्लिकर ब्रश घेतला, बारीक वाकड्या तारांचा. तारा थेट कातडीला टोचतात, हातात ब्रश दिसला की ती पलंगाखाली. मग ब्लेडवालं डी-शेडिंग टूल, म्हणजे सुटे झालेले केस ओढून काढणारं, आणलं. केस ढीगभर निघाले, पण पाठीवर एक लालसर पट्टा उठला. दाबून फिरवलं ही माझीच चूक असेल, तरी आता धीर होत नाही.

बीगलला आत मऊ लोकरीसारखा दुसरा थर असतो, त्यामुळे नुसत्या मऊ ब्रिसल ब्रशने वरची धूळ आणि चमक एवढंच होतं. म्हणून आता रबरी करी ब्रश, म्हणजे रबराच्या बोथट दातऱ्यांचा, घ्यायचा विचार आहे.

तो कोरड्या अंगावर गोल फिरवायचा की आंघोळीत शॅम्पू लावून? दातऱ्या आखूड बऱ्या की लांब? आणि ब्लेडवालं टूल महिन्यातून एकदा हलक्या हाताने चालेल, की कायमचं बाद करू?

खाज नाही, टक्कल नाही, डॉक्टरांनी त्वचा तपासली आहे. फक्त केस!