शब्दचर्चा : होमरच्या रागांना मराठीत काय म्हणावं?

होमरचं 'इलियड', म्हणजे ट्रॉयच्या युद्धावरचं महाकाव्य, मूळ ग्रीकमधून वाचायला घेतलं आहे. रोज पाच-सात ओळी, जमल्यास दहा. एकूण चोवीस सर्ग आणि १५,६९३ ओळी, म्हणजे रोज दहा धरल्या तरी चार वर्षांच्या वर जातील. जाऊ देत. या गतीने वाचताना एक गोष्ट ठळक दिसली, तिच्यासाठी हा धागा. पहिल्या सर्गात ग्रीकांचा सर्वांत मोठा योद्धा अकिलीस आणि त्यांचा सेनापती राजा आगामेम्नोन यांचं भांडण आहे, आणि त्या एका भांडणात होमर रागासाठी निरनिराळे शब्द वापरतो. भाषांतरं भरभर वाचली की ते सगळे 'क्रोध' नाहीतर 'संताप' म्हणून डोळ्यांखालून निघून जातात. माझं म्हणणं असं की मराठीत यांतल्या प्रत्येकाला बोलण्यातला, नेमका शब्द आहे. तुम्हाला पटतात का सांगा.

पहिला शब्द मेनिस. काव्याची सुरुवातच त्याने होते : 'मेनिन अएइदे थेआ'. मेनिस गा, देवी. पुढे कुणाची मेनिस ते कळतं, पण आधी मेनिस. हे नाम इलियडमध्ये वाटेल त्याच्या रागाला लागत नाही. अपोलो देवाची मेनिस असते, देवांचा राजा झ्यूस याची असते, आणि माणसांत एकट्या अकिलीसची. पुजाऱ्याचा अपमान झाला म्हणून अपोलो ग्रीक छावणीवर रोगराई सोडतो, ती त्याची मेनिस. साथ आली की गावात जे म्हटलं जायचं ते आठवा : देवीचा कोप झाला. म्हणून मेनिससाठी मी कोप घेते. ज्याचा कोप होतो तो बाजूला राहतो आणि खाली माणसं पटापट मरतात, हे त्या शब्दातच आहे. अकिलीसच्या बाबतीत नेमकं तेच घडतं. तो लढाई सोडून जहाजांपाशी बसतो आणि मरतात ते त्याच्याच बाजूचे लोक.

खोलोस म्हणजे मुळात पित्त. कोलेस्टेरॉलमधला 'कोल' याच घराण्यातला. मराठीत पित्त खवळतं, ग्रीकमध्ये खोलोस चढतो. इथे नुसता 'राग' चालेल, पण जिथे शरीराचा उल्लेख जवळ असेल तिथे पित्त आणावं असं मला वाटतं.

आणि कोतोस. यासाठी पहिल्या सर्गातल्या ८१ ते ८३ या ओळी बघाच. काल्खास हा ज्योतिषी खरं बोलायला घाबरतो आहे, कारण ते बोललं तर राजा चिडेल. तो अकिलीसकडे अभय मागताना म्हणतो (भाषांतर माझं) : 'राजाने त्या दिवसापुरता खोलोस पचवला तरी मागाहून तो छातीत कोतोस धरून राहतो, तडीस नेईपर्यंत.' 'पचवला' हा शब्द मी पदरचा घातलेला नाही. मूळ क्रियापद 'कातापेप्से' आहे आणि त्याचा अर्थ पोटात जिरवणं, पचवणं असाच. पित्त पचवायचं आणि नंतर डूख धरायचा. या ओळी मराठीत इतक्या सहज बसतात की त्या दिवशी मी पुढे वाचलंच नाही.

चौथा मेनोस. हा दिसतो मेनिससारखा, पण वेगळा. आपल्या 'मनस्'चा सख्खा भाऊ. माणसात येणारा जोर, उसळी. आगीलाही मेनोस असतो. याला त्वेष म्हणावं.

आता यांतले तीन शब्द एकाच प्रसंगात कसे वापरलेत ते पाहा. अकिलीसने तलवार म्यानातून अर्धी उपसली आहे. अथीना देवी मागून येते, त्याचे केस धरते. ती फक्त त्यालाच दिसते. ती म्हणते, तुझा मेनोस थांबवायला आले आहे. तो तलवार परत म्यानात घालतो. पण लगेच पुढे कवी सांगतो की त्याचा खोलोस काही सरला नाही, आणि तो आगामेम्नोनला वाट्टेल ते बोलतो. आणि सर्गात पुढे त्याची आई थेटिस त्याला सांगते : ग्रीकांवर मेनिस चालू ठेव. म्हणजे त्वेष थांबला, राग उरला आणि कोप आता कुठे सुरू झाला. सगळीकडे 'क्रोध' लिहिलं तर अथीना 'क्रोध थांबव' सांगते, आई 'क्रोध चालू ठेव' सांगते आणि वाचकाला वाटतं दोघी एकमेकींच्या उलट बोलताहेत. त्या तशा बोलत नाहीत.

प्रतिसाद : चर्चा आवडली. पण अकिलीस तंबूत जाऊन बसतो, कुणाशी बोलत नाही, लोक त्याची मनधरणी करायला येतात. हा तर सरळ रुसवा झाला. कैकेयी कोपभवनात जाऊन बसली तसा. 'कोप' फार मोठा वाटतो.

धागालेखिका : रुसवा मीही मनात घोळवून पाहिला. तो काढता येतो, किंबहुना तो कुणीतरी काढावा म्हणूनच असतो. कैकेयीला काय हवं ते ठरलेलं होतं आणि ते मिळाल्यावर विषय संपला. नवव्या सर्गात अकिलीसची मनधरणी करायला आगामेम्नोनकडून ओदिसेउस, फोइनिक्स आणि आयास येतात. आगामेम्नोनने देऊ केलेली यादी मोठी आहे : सात तिवया, दहा टॅलंट (जुनं वजन) सोनं, वीस कढया, बारा घोडे, लेस्बोसच्या सात स्त्रिया, शिवाय जिच्यावरून भांडण झालं ती ब्रिसेइस परत. तो सगळं नाकारतो. रुसलेला माणूस इतकं झाल्यावर उठतो. शेवटी आयास जे साधं, रोखठोक बोलतो ते अकिलीसला पटतं, तसं तो म्हणतोही. पण पुढचं वाक्य असं : आगामेम्नोनने केलेला अपमान आठवला की माझं काळीज खोलोसने सुजतं. 'ओइदानेताइ', सुजतं. समजूत पटलेली असूनही उतरत नाही अशी ही सूज आहे. तिला रुसवा म्हणणं मला जड जातं.

प्रतिसाद : एक शंका. पहिल्याच सर्गात आगामेम्नोनसाठीही मेनिसच्याच धातूचं रूप येतं ना? म्हातारा नेस्टर समजूत घालायला उभा राहतो त्याच्या आधी, ओळ २४७. मग देव आणि अकिलीस यांच्यापुरता हा शब्द राखीव कसा?

धागालेखिका : ते क्रियापद आहे, 'एमेनिए'. क्रियापद त्याच्यासाठी येतं, नाम येत नाही. मराठीतही 'साहेब कोपले' आपण सहज म्हणतो, पण 'साहेबांचा कोप झाला' म्हटलं की साहेबांना मखरात बसवल्यासारखं होतं. त्यामुळे कोप आणि कोपणे ही जोडी इथेही उपयोगी पडेल. याच्या जोडीला एकोणिसावा सर्ग बघा. मी अजून तिथवर क्रमाने पोचलेली नाही, पण या शब्दासाठी उघडून पाहिला. थेटिस मुलाला सांगते, मेनिस सोडून दे. तो सभेत उभा राहून म्हणतो, मी आता माझा खोलोस थांबवतो. आई म्हणते कोप, तो स्वतः म्हणतो राग. आपल्याकडेही 'मला राग आला' म्हणतात, 'माझा कोप झाला' असं स्वतःबद्दल कोण म्हणेल?

प्रतिसाद : डूख सापाचा. होमरमध्ये साप आहे का कुठे?

धागालेखिका : आहे, बाविसाव्या सर्गात. ट्रॉयचा वीर हेक्टर नगराच्या भिंतीपाशी अकिलीसची वाट पाहत उभा आहे, आणि कवी त्याला बिळाच्या तोंडाशी वेटोळं घालून बसलेल्या डोंगरातल्या सापाची उपमा देतो. विषारी झाडपाला खाल्लेला साप. मात्र तिथे शब्द खोलोस आहे, कोतोस नाही. सापाच्या बाबतीत पित्त आणि विष एकत्रच आलं असणार. डूख मी कोतोसला दिला तो सापामुळे नव्हे, तर 'धरून ठेवणं' आणि 'वेळ आल्यावर उगवणं' या दोन गोष्टी त्यात एकत्र असल्यामुळे. 'आकस' आणि 'अढी' हेही पाहिले. अढी आयुष्यभर राहू शकते आणि तिचं पुढे काहीच होत नाही. काल्खास ज्याला घाबरतो तो राग काहीतरी करणार आहे.

प्रतिसाद : ग्रीक शिकल्याशिवाय यातलं काही हाती लागेल का? आणि रोजचं वाचन कसं करता?

धागालेखिका : आदल्या दिवशीच्या ओळी मोठ्याने म्हणायच्या, मग नव्या. प्रत्येक शब्दाचं रूप ओळखायचं. होमरपुरता कनलिफचा १९२४चा शब्दकोश हाताशी ठेवते. सुरुवातीला एका ओळीला अर्धा तास लागायचा. पण हे काव्य तोंडी परंपरेतलं आहे, त्यात ठरलेल्या ओळी पुन्हा पुन्हा येतात, आणि 'गुलाबी बोटांची उषा' दुसऱ्यांदा आली की तिच्यासाठी शब्दकोश लागत नाही. (तिचं ग्रीक नाव एओस, आपली उषस् तीच.) मराठी माणसाला दोन गोष्टी आयत्या मिळतात. प्राचीन ग्रीकमध्ये ख, थ, फ हे आपल्यासारखेच महाप्राण होते, 'अखिलेउस' (अकिलीसचं मूळ नाव) म्हणायला आपल्याला वेगळी तालीम लागत नाही. आणि वृत्त : सहा गणांची ओळ, मुख्य गण गुरु-लघु-लघु, म्हणजे आपला भगण. दोन लघूंच्या जागी एक गुरु चालतो. शेवटचा गण दोन अक्षरांचा. 'मेनिन अएइदे'मधला पहिला गण 'मे-नि-न' असा तोडून म्हणून पाहा, लगेच कानात बसेल. ग्रीक येत नसेल तर दोन-तीन भाषांतरं समोर ठेवून रोज एक प्रसंग वाचा. जिथे भाषांतरकार एकमेकांपासून फुटतात तिथे मूळ शब्द शोधा.

प्रतिसाद : दुसऱ्या ओळीतल्या 'ऊलोमेनेन'चं काय केलंत? 'विनाशकारी' लिहितात ते फार पुस्तकी वाटतं.

धागालेखिका : त्यावर अडून आहे. ते नाश पावणे या धातूचं कृदंत आहे आणि होमर ते शिव्याशाप म्हणून वापरतो. व्याकरणाने पाहिलं तर आपला 'मेला' हुबेहूब तसाच आहे : मरणे या धातूचं कृदंत, आणि काम शापाचं. कोकणातल्या बायका 'जळ्ळा मेला' म्हणतात त्यात जो चटका आहे तो 'विनाशकारी'त नाही. अडचण अशी की 'मेला' महाकाव्याच्या दुसऱ्या ओळीत घातला तर घरगुती कुरकुर ऐकू येते, आणि इथे असंख्य वीरांचे जीव पाताळात चालले आहेत. 'जळो तो कोप' असं वाक्य तोडून करता येईल. सध्या माझ्या वहीत असं आहे :

कोप गा, देवी, पेलेउसपुत्र अकिलीसचा,
जळो तो, ज्याने ग्रीकांवर दुःखं लादली हजारो

'जळो तो'पेक्षा बरं काही सुचत असेल तर जरूर लिहा. फक्त विशेषण सुचवताना त्यात शाप उरेल असं पाहा.